हयातने लावलेली मोजणी

स्फाक्स शहरातल्या कॉलेजात नेट रखडलं, की संचालक सी मुनजी (‘सी’ म्हणजे तिकडचं ‘साहेब’) मुलींच्या वसतिगृहावर खापर फोडायचे. या खेपेला तर त्यांनी तिथलं कनेक्शन तोडायचा हुकूमच काढला. तंत्रज्ञ हयात म्हणाली, “आधी मोजते.”

कॉलेजचं नेट ज्या गेटवेतून बाहेर पडतं, तिथे सगळ्यांचे पत्ते बदलून बाहेर एकच दिसतो. म्हणून या पठ्ठीने सर्व्हरच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, पत्ते बदलण्याआधीच, प्रत्येक सबनेटमधून, म्हणजे कॉलेजच्या एकेका भागाच्या जाळ्यातून, बाहेर जाणारा डेटा मोजला. आणि काय सांगू! वसतिगृहाचा दहातला एक हिस्सा, संचालकांच्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यांचे सात!

“पोरी, हुकूम निघालाय. तोड.”

“मग वसतिगृहातली वायर तुम्हीच उपटा, सी मुनजी. आकडे वसतिगृहाच्या दारावर चिकटवलेत. मुली वाचतायत, त्यांच्यातून वाट काढत जा!”

सी मुनजी खुर्चीतून उठलेच नाहीत.