एका झोळीत दोघं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवीलाही नाही. वणीला दरवर्षी जाते, गडावर हात जोडते आणि जावयाला बढती मिळू दे एवढंच मागून परत येते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत मला फार मान. चार पोरं वाढवलेली बाई! कुणाकडे बाळंतीण आली की मला बोलावणं. मोहरीच्या उशीवर डोकं गोल कसं करायचं, बाळाला घट्ट कसं गुंडाळायचं—मी सांगायचे, बायका माना डोलवायच्या. बिनडोक बायका. आणि त्यांच्यात सगळ्यात बिनडोक मी.

शैला, माझी धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि जुळी झाली. मुलगी आणि मुलगा, दोघंही अशक्त. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं—दोघांना वेगवेगळं निजवा, उताणं, सपाट गादीवर. उशी नको, जाड गोधडी नको, झोळी तर नकोच. कालची पोर ती, अजून लग्नही न झालेली—ती मला शिकवणार? मी शैलाला म्हणाले, "पोरं निजवतेस की पापड वाळत घालतेस?" शेजारणी खिदळल्या. शैला मात्र ऐकेना. दोन लहान गाद्या घालायची आणि मान खाली घालून सांगितलं तेवढंच करायची. आई घरात असताना परक्या बाईचं ऐकते? मला ते सहन होत नव्हतं.

त्या दुपारी—कसं सांगू?—शैला पोरांना पाजून, त्यांच्या गाद्यांवर ठेवून पलंगावर आडवी झाली होती. पोरं किरकिरायला लागली. ती उठली नाही, इतकी दमलेली. मला वाटलं, आता दाखवतेच. छताच्या कडीला माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. एका पोटात राहिली, मग एका झोळीत का नाही राहणार?—हे माझं शहाणपण. दोघांना एकत्र घातलं. जरा झोके दिले, लगेच चिडीचूप. मी मोठ्या तोऱ्यात लाडवांचा डिंक तळायला गेले.

परत आले तेव्हा मुलगा घसरून मुलीच्या अंगावर आला होता. तिचं तोंड लुगड्यात दाबलं गेलेलं. ओठ निळे.

तिला ओढून काढलं, तळवे चोळले, पाठ थोपटली. ती रडली—बारीकशी, पण रडली. तेव्हाच शैलाला उठवायचं ना? रिक्षा बोलवायची ना? मी आधी काय केलं, माहीत आहे? मुलाला गादीवर ठेवलं. झोळी सोडली, लुगडं कपाटात टाकलं. आणि पोरीला झोपलेल्या शैलाच्या कुशीत, तिच्या दंडाखाली सरकवलं. मग ओरडले, "अगं शैले, पोरीच्या अंगावर पडलीस की!"

कारण? संध्याकाळी निफाडहून विहीणबाई यायच्या होत्या. माझी ख्याती त्यांच्याही कानावर होती.

पोरगी वाचली. दवाखान्यातून घरी आली. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लय जड झोप हाय हिची. लेकरू मारलं असतं हिनं." मी मान डोलवली. वर म्हणाले, "आजकालच्या पोरींना शुद्धच नसते." ही मी. लेकीची आई.

शैलाला वाटलं, अर्धवट झोपेत आपणच पोरीला जवळ घेतलं असेल. आई खोटं कशाला बोलेल? त्या दिवसापासून ती लेकरांजवळ कधी आडवी झाली नाही. भिंतीला टेकून पाजायची, डोळा लागू नये म्हणून डोळ्यांना पाणी लावायची. सासरी गेल्यावर पोरं तिकडच्या आजीजवळ निजायला लागली. आजीचीच झाली.

परवा शैला पोरांना घेऊन सुट्टीला आली होती. नात आता तेरा वर्षांची. मैत्रिणीकडे राहायला जायचं की नाही, यावरून आईशी वाजलं. पोरगी फटकन म्हणाली, "तू तर मला मारूनच टाकत होतीस. आपली निफाडची आजी सांगते."

शैला पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते तरी. मग तिने माझ्याकडे पाहिलं—आईकडे आधारासाठी पाहावं, तसं.

मी वाटाणे सोलत होते. सोलत राहिले.