दारातून परत गेलेलं सामान

पुण्याहून इंजिनीअर होऊन मी कतारला, दोह्यात अब्बा-अम्मीकडे परत आले, तेव्हा ऑफर लेटर हातात होतं. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे सरकारी शिक्कामोर्तब, झालं की पंधरा दिवसांत जॉइनिंग, असं कंपनीने सांगितलं होतं. त्या पंधरा दिवसांचे चार महिने झाले. त्यातच अब्बांच्या ऑफिसने सगळ्यांचा पगार अर्ध्यावर आणला. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची मासळीसुद्धा बंद झाली. अम्मी दोन्ही वेळा डाळ करायची.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावच्या जमातीची इथे एक कमिटी आहे. कोणाची नोकरी गेली किंवा शिकून आलेल्या कोणाला अजून काम मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत दर महिन्याला घरी सामान पोचवतात. अब्बा दहा वर्षं त्या कमिटीत होते. मी एकदा विचारलं, "आपण अर्ज करू या का?"

"ते गरजूंसाठी असतं," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग मी त्यांना न सांगता अल मन्सूरा भागात गेले. एका किराणा दुकानामागच्या खोलीत कमिटीचे एक चाचा बसायचे. अब्बांचे जुने सोबती, पेशाने ट्रक ड्रायव्हर. त्यांनी माझा अर्ज वाचला, पण एकही प्रश्न विचारला नाही.

"लागंल गो नोकरी, इन्शाल्ला. तवर हक्कानं घे. तुझ्या बापानं किती जणांना दिलंय!"

"चाचा, सकाळीच आणा. अब्बा ऑफिसात असतात तेव्हा."

त्यांनी मान डोलावली.

पण सामान आलं नेमकं त्याच सकाळी अब्बा तापामुळे घरी होते. बेल वाजली. मी दार उघडलं तर चाचा. खांद्यावर तांदळाचं पोतं, हातात तेलाचा डबा. लिफ्ट बंद असल्याने तीन मजले चढून धापा टाकत होते. माझ्यामागे अब्बा येऊन उभे राहिले.

"सॉरी, राँग फ्लॅट," मी म्हणाले. तेही इंग्रजीत, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. "होय होय, माझंच चुकलं," म्हणत ते वळले. दहा वर्षांचे सोबती, पण दोघांपैकी एकानेही सलाम केला नाही. जिन्यात पोतं भिंतीला घासल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "अर्ज तू केलास?"

"हो."

"मागितलंस त्यात वाईट काही नव्हतं. त्याला परत पाठवलंस ते वाईट." मग म्हणाले, "मीही गप्पच राहिलो."

तीन आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. पहिल्या सुट्टीला अल मन्सूराला गेले, तर त्या खोलीत दुसरेच गृहस्थ होते. कंपनीने कामावरून कमी केलं म्हणून चाचा गावी परतले होते, कायमचे. नंबर घेऊन मी तिथूनच फोन लावला.

"लागली ना नोकरी? झालं तर!" चाचा खूश झाले.

"चाचा, त्या दिवशी दारात मी..."

"कुठला दिवस गो?" ते म्हणाले आणि लगेच अब्बांच्या तब्येतीची चौकशी करू लागले. माझं पुढचं वाक्य त्यांनी मुद्दाम बोलू दिलं नाही, हे मला कळत होतं.

नंबर मी अब्बांना दिला. ईदला करतो फोन, म्हणाले. त्यानंतर दोन ईदा झाल्या.