हळद लावलेला मका

सुचिताचा स्वभावच संशयी. नवऱ्याने न सांगता चहा ठेवला की याने आज काय फोडलं, हा तिचा पहिला प्रश्न. बियाणं कंपनीत मात्र हाच स्वभाव कामाला आला. द्रोणागिरीच्या गोदामांमागे उरलेल्या शेतात ती खोडकुजीला दाद न देणारा मका तयार करत होती. त्याची रीत उलटीच. तुरा आला की बुरशी वाढवलेल्या दात कोरायच्या काड्या धडधाकट ताटांत खुपसायच्या, म्हणजे रोग आपणच लावायचा, आणि काढणीला ताटं चिरून कोण आतून शाबूत राहिलं ते बघायचं.

यंदा सगळा मका आडवा झाला. बांधालगतची एकच ओळ हिरवीगार उभी होती, आणि तो नेमका सुचिताने सहा वर्षं जोपासलेला वाण.

"जिंकलो मॅडम! पुढच्या हंगामात हेच बी शेतकऱ्यांकडे!" सहकारी मिथुन नाचायलाच लागला.

सुचिता हसली नाही. इतकं चांगलं तिच्या वाट्याला कधी आलं होतं? ती वाकली. ताटांना भोकं होती, काड्या नव्हत्या. भोकांवर पिवळा लेप वाळला होता. तिने नखाने खरवडून हुंगला. हळद!

"काड्या कुणी उपटल्या? बढतीची एवढी घाई झाली तुला?"

मिथुनचा चेहरा पडला. "माझ्यावर डाऊट घेता मॅडम?"

तेवढ्यात निंदणीला येणारी तिची सासू, काशी, उठून पुढे आली. "त्याला नको बोलू गो. मीच उपटल्या. हितं बांधाव भाकर खाया बसते ना, समोर मक्याची पोटुशी झारा, त्यांच्या अंगान काट्या. बगवला नाय मना. हलद लावली."

सुचिताचं डोकं भणाणलं. हे बी असंच बाहेर गेलं असतं, तर कुणाकुणाचं उभं पीक झोपलं असतं! तिने मिथुनची तिथेच माफी मागितली. मग, काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही, विळ्याने एक ताट उभं चिरलं.

आत पांढराशुभ्र गाभा. कुठे डाग नाही. हा गुण वाणाचा की सासूच्या हळदीचा, हे यंदा कळायला काही मार्गच उरला नव्हता. सुचिता बांधावर बसली आणि तिला रडू कोसळलं.

काशीने ते ताट उचलून उन्हात धरलं. "चांगला हाय की गो," ती गोंधळून म्हणाली, "मंग रडतं कशाला?"