बहिऱ्या कानातला श्वास

एकोडीच्या चंद्रकलेला डाव्या कानाने ऐकू येत नाही. साकोलीच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, पडदा फाटला आहे. तरी त्याच कानात तिला तिच्या मेलेल्या जावेचा श्वास ऐकू यायचा. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, कधी भर बाजारात. घरघरणारा, मधेच अडकणारा, पुन्हा सुरू होणारा.

जाऊ म्हणजे केशरबाई, थोरले दीर ताराचंद यांची बायको. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीत दोघी कायम शेजारी. त्या वर्षी पाऊस लांबला. भाताच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, आणि मग उशिरा आलेल्या पावसात साऱ्या गावाची रोवणी एकदमच निघाली. दोघी शेतमालक भय्याजींच्या बांधीत, भाताच्या खाचरात, होत्या. ठेका एकरावर घेतलेला, म्हणजे जितका वेळ थांबायचं तितकं आपलंच नुकसान. जंगलाकडून ढग चढत आला तेव्हा चंद्रकला म्हणाली, "बाई, चाल ना घरी. आभाळ बरं नाई दिसत."

"एवढी बांधी झाली का जाऊ," केशरबाई वाकूनच म्हणाली.

त्यापुढचं चंद्रकलेला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा ती गळ्यापर्यंत शेणात होती. वीज लागलेल्या माणसाच्या अंगातली आग शेण ओढून घेतं, असं तिकडच्या गावांत मानतात. गोठ्यामागे ताराचंदने स्वतः फावड्याने खड्डा केला होता आणि दोघींना शेजारी शेजारी बसवून वरून शेण भरलं होतं. चंद्रकलेला डोळे उघडता येईनात, जीभ हलेना. डाव्या अंगाला मात्र श्वास ऐकू येत होता. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. मग तो थांबला.

दवाखान्याची गाडी आली ती त्यानंतर. एक जगली, दुसरीची वेळ भरली होती, असं गाव म्हणालं. ताराचंदही तेच म्हणाला. चंद्रकलेने श्वासाचं कुणाला सांगितलं नाही. एकाच अंगणात दोन चुली. रोज सकाळी भासरे, म्हणजे थोरले दीर, समोर बसून दात घासायचे, आणि तिच्या मनात येई, यांना सांगितलं तर हे जगतील का? शिवाय तिचा स्वतःवरही भरवसा नव्हता. ज्या कानाचा पडदा विजेने फाटला, त्या कानाने ऐकलं कसं?

पुढच्या साली टोळीने तिला घेतलं नाही. वीज हिच्या मागावर आहे, अशी कुजबूज होती. ती घरीच राहू लागली. आभाळ भरलं की कोठीत, धान्याच्या अंधाऱ्या खोलीत, जाऊन बसायची.

घरीच तिला शुभांगी भेटायला आली. शुभांगी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करणारी. हवामान बदलाबाबत राज्याने कायदा करावा म्हणून काही लोक मसुदा तयार करत होते, त्यासाठी ती गावोगाव फिरून ज्यांच्यावर गुदरलं त्यांचं ऐकून घेत होती.

"कायदा तं दिल्लीले होते ना, ताई?" चंद्रकलेने विचारलं.

"शेतमजुरी, गावचे दवाखाने, आपत्तीतली मदत, हे बरंचसं राज्याच्या हातात आहे. मौसम बदलून राहिला, विजा, ऊन, पूर, सगळंच वाढून राहिलं. मग काम कधी थांबवायचं, थांबवलं तर मजुरी कोण देणार, गाडी किती वेळात पोचली पाहिजे, हे राज्यानंच कायद्यात लिहावं, अशी मागणी आहे."

"मेल्यावर पैसे भेटतेत, ते माईत हाये मले."

"तेच तर. मरू नये म्हणून काय, ते कुठंच नाही." शुभांगीने वही उघडली. "त्या दिवशी गाडी वेळेवर आली असती तर?"

चंद्रकला उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने पहिल्यांदा कुणाला तरी त्या श्वासाबद्दल सांगितलं. शुभांगीने लिहिणं थांबवलं. मग म्हणाली, "हे तुम्ही नागपूरले सांगाल का? अधिवेशनाच्या वेळी आमदारांना भेटायचं आहे."

"पहिले भासऱ्यायले सांगा लागन."

ते सांगायला तिला दिवाळी उलटावी लागली. ताराचंद खळ्यावर धानाचा ढीग झाकत होता. ती पदर सावरून जरा दूर उभी राहिली आणि जमिनीकडे बघत बोलली. "भाऊजी, खड्ड्यात बसवलं तवा बाई जिती होती. मले तिचा श्वास आयकू येत होता."

ताराचंदने ताडपत्रीचा कोपरा दगडाखाली दाबला. दुसरा कोपरा दाबला.

"मले माईत आहे," तो म्हणाला. "मी बी आयकलो होतो. वाटलं, शेनाचा गुन येऊन राहिला. म्हनून अजून शेन टाकलो."

मग तो तिथेच ढिगाला टेकून बसला. चंद्रकलेला त्याच्याजवळ जाता येईना आणि घरीही जाता येईना. अंधार पडेपर्यंत ती तशीच उभी होती.

नागपूरला जाताना ताराचंद आपणहून एसटीत येऊन बसला. आमदार निवासात एका आमदारांनी वेळ दिला होता. खोलीत माणसांची ये-जा चालू होती. चंद्रकलेची बोलायची पाळी आली. पण आधी ताराचंदच बोलला. खड्डा, शेण, श्वास, सगळं. आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच्या घरचं सांगतो आहे.

आमदारांनी चष्मा काढून ठेवला. "दादा, वाईट वाटलं. पण हे तर अज्ञान आहे. याला कायदा काय करणार?"

"होय जी, अज्ञानच होतं," ताराचंद म्हणाला. "पन गाडी बलावली तं साकोलीहून यायची होती. यीन का नाई, ते बी कोनी सांगे ना. तिच्याकडे पायत बसनं मले जमलं नाई. गाडी दारात आली असती तं म्यां फावडा कायले उचललो असतो?"

आमदारांनी मसुदा ठेवून घेतला. त्याच अधिवेशनात त्यांनी प्रश्नही विचारला. उत्तर आलं, विषय शासनाच्या विचाराधीन आहे. शुभांगीने मसुद्यात नवं कलम घातलं: प्रत्येक गावात प्रथमोपचार शिकलेली दोन माणसं, आणि ठरलेल्या वेळेत पोचणारी गाडी. मसुदा अजून मसुदाच आहे.

नागपूरच्या त्या दिवसापासून चंद्रकलेच्या कानातला श्वास थांबला. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण अंगणापलीकडे ताराचंद रात्ररात्र जागा असतो, हे तिला दिसत होतं. तो जेवताना मधेच घास थांबवतो, मान तिरकी करतो, जणू कुणी हाक मारली. तिने एकदा विचारलं, "काय झालं, भाऊजी?" तो म्हणाला, "काई नाई." आपल्या डोक्यावरचं ओझं आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, असं तिला वाटत राहिलं. शुभांगी म्हणते, ते त्यांच्याजवळ आधीपासूनच होतं. ते खरंही असेल.

यंदाच्या रोवणीत आभाळ काळं झालं की ताराचंद सायकल काढतो. शुभांगीने मिळवून दिलेला भोंगा गळ्यात अडकवून बांध्याबांध्यांतून ओरडत जातो, "बायाहो, निंगा. काम राहू द्या." त्याला तसा अधिकार कुणीही दिलेला नाही. भय्याजी त्याच्यावर चिडले, पोलीस पाटलाकडे गेले. काही बाया पऱ्ह्याची पेंढी टाकून शाळेच्या ओट्याकडे धावतात. काही वाकलेल्याच राहतात. ताराचंद त्यांच्या धुऱ्यावर, उघड्या बांधावर उभा राहून ओरडत राहतो, त्या निघेपर्यंत.

चंद्रकला आता कोठीत जात नाही. भोंग्याचा आवाज कुठल्या बाजूने येतो ते तिला एका कानाने नीट कळत नाही, म्हणून दारात उभी राहून रस्त्यावर सायकल दिसेपर्यंत बघत असते.