दगडूच्या टेपवरचा सूर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. त्यामुळे आता मी हे लिहितोय म्हटल्यावर कुणी हसलं, तर हसू द्या...

आम्ही खर्ड्याचे. लग्नात वाजवणारी जोडी — मी सनईवर, दगडू सुरावर. सूर धरणारा दुसऱ्या सनईवर एकच स्वर अखंड लावून ठेवतो. गालात हवा साठवून, श्वास तुटू न देता. वाहवा माझी व्हायची. दगडूकडे कुणी बघत नसे, आणि खरं सांगतो, मीही नाही.

फावल्या वेळात तो रेडिओ दुरुस्त करायचा. दोन मोडके रेडिओ जोडून त्यानं एक पेटी केली होती. तिच्या तारेजवळ हात नेला की शिट्टीसारखा स्वर निघायचा, हात हलेल तसा चढायचा-उतरायचा. कोरड्या आडात कुणीतरी कण्हतंय, असा. ऐकल्यावर घास उतरत नसे.

बाहत्तरच्या दुष्काळात गावातली लग्नं थांबली. दगडूचा दमा वाढला. एक दिवस म्हणाला,

"दत्तू, शाळंतलं गुरुजी त्यांचा टेपरेकॉर्डर देत्यात. बेस्तरवारी ये. मी पेटी वाजवतो, तू सूर धर. माझ्यानं आता धरवत न्हाई."

"मी? सूर धरू? लई शहाना झालास की!"

"वीस वरसं म्या धरला, दत्तू. तू एकदाच."

येतो म्हणालो. पण अकोल्याहून लग्नाची सुपारी आली. तिकडे पाणी होतं, लग्नं होती. दुसरा सूरवाला घेऊन निघून गेलो. दगडूला निरोपसुद्धा धाडला नाही. लाज वाटली म्हणून नव्हे... विसरलो म्हणून.

शनिवारी परतलो, तर दगडू आदल्या दिवशीच गेलेला. त्याची बायको, कौसावहिनी, मला बघून रडायला लागली.

"भावजी, तुमी आलात, लई बरं झालं बघा. बेस्तरवारी मी खडी फोडायला गेल्ते. सांजच्याला आले तर हे हसत हुते. म्हनले, दत्तूनं शेवटपतूर धरला."

मला वाटलं, तापात बरळला असेल. मग गुरुजींनी टेप लावली. आधी पेटीचा तो कण्हणारा स्वर. आणि त्याच्याखाली सनईचा सूर! दगडूसारखा अखंड नाही — मधेच तुटणारा, दम घेऊन पुन्हा लागणारा. आणि प्रत्येक वेळी लागताना बारीकसं 'फिस्स'. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. सनई तोंडात धरली की तिथून हवा अशीच निसटते. अगदी शेवटी दगडूचा आवाज: "बास, दत्तू. दम खा आता."

मी टेप मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितली.

"बरं केलंत त्या दिवशी आलात ते," गुरुजी म्हणाले. "मी मशीन चालू करून शाळेत गेलो होतो. तो एकटाच म्हणून काळजी वाटत होती."

टेप नवी कोरी होती, त्यांनीच आणलेली. खोक्यावर त्यांच्याच अक्षरात त्या गुरुवारची तारीख. त्या दुपारी मी अकोल्यात भर मांडवात वाजवत होतो, वऱ्हाड साक्षीला होतं.

वहिनींनी खुंटीवरची दगडूची सनई काढून माझ्या हातात दिली. "आता हिच्यावर तुमचाच हक्क हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. गावानं कौतुक केलं, तेही घेतलं. मरेपर्यंत वहिनी दर दिवाळीला आधी माझ्या घरी फराळ पाठवायच्या, मग देवापुढे ठेवायच्या. मी खात राहिलो.

परवा नातीनं ती टेप ऐकली. म्हणाली, "आजोबा, हा तर इलेक्ट्रॉनिक सोलो अल्बम! पण सोलो कसा म्हणायचा, तुम्ही आहात ना सोबत."

मशीनची गुणगुण असेल, माझ्या कानांचा खेळ असेल... सगळं धरून बघितलं. त्या दाताचं कोडं सुटत नाही. त्या दुपारी दगडूजवळ कोण बसलं होतं, मला माहीत नाही. मी नव्हतो, एवढंच माहीत आहे. आणि हे ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यातलं आता कुणीच उरलेलं नाही.