एकशेवीस-ऐंशी

दवाखान्याला खोल्या दोन, खाट एक, खुर्च्या तीन आणि डॉक्टर शून्य. कागदोपत्री डॉक्टरांची जागा भरलेली होती, फक्त डॉक्टर नव्हते. दारावरच्या फळ्यावर खडूनं 'डॉक्टर – मंगळवार' असं लिहिलेलं होतं. कुठला मंगळवार, ते विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. त्यामुळे खोकला, जुलाब, कुत्रं चावलेलं, बाळंतपण, वर नवरा-बायकोची भांडणं, सगळं सिस्टरांच्या गळ्यात. बावीस वर्षं. पहिल्या वर्षी त्यांच्या हातावर जन्मलेली मंडळी आता आपापली पोरं लस टोचायला घेऊन यायची. पोर रडलं की सिस्टर बापाकडे बघून म्हणायच्या, "तू याच्याहून मोठ्यानं बोंबलला होतास."

त्यांच्या जोडीला मावशी. झाडलोट, पाणी उकळणं, रांग लावणं, रडणाऱ्याला गप्प करणं आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणं ही मावशींची खाती. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या घरी पाळणा हलणार हे रजिस्टरच्या आधी मावशींना कळायचं.

दोन वर्षांपूर्वी बीपीचं मशीन गेलं. चोरीला नाही, जागच्या जागी गेलं. रबरी नळीला चीर पडली. फुगा दाबला की हवा फुस्सकन बाहेर, काटा ढिम्म. सिस्टरांनी चिकटपट्टी लावून पाहिली. सायकलवाल्याकडून पंक्चरचा तुकडा डकवून घेतला, त्यावर मशीन तीन दिवस चाललं. मग वर अर्ज केला. मागणी योग्य नमुन्यात करावी, असं उत्तर आलं. योग्य नमुन्यात केली, तर नमुना बदलल्याचं कळवण्यात आलं. बदललेला नमुना मागवला, तो अजून यायचाय.

तोवर रजिस्टरात आणि गरोदर बायकांच्या कार्डावर बीपीच्या रकान्यात सिस्टर सरळ 'मशीन बंद' असं लिहीत होत्या. तीन महिन्यांनी अहवालांचा अख्खा गठ्ठा परत आला. सोबत एक कागद होता: रकान्यात फक्त आकडे भरावेत, शब्द आढळल्यास अहवाल अपूर्ण समजला जाईल. अहवाल अपूर्ण म्हणजे पुढच्या महिन्याची औषधं बंद. सिस्टरांनी हात टेकले. त्या दिवसापासून म्हातारे, दारुडे, चार पायऱ्यांत धाप लागणारे, सगळ्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी. एवढी ठणठणीत वस्ती जगाच्या पाठीवर दुसरी नसेल, पण वरच्या ऑफिसात कुणाची भुवई हलली नाही.

दंडाला पट्टा आवळल्याशिवाय बायकांना तपासल्यासारखं वाटायचं नाही. म्हणून सिस्टर पट्टा बांधायच्या, दोनदा फुगा दाबायच्या, नाडीवर बोटं ठेवायच्या आणि लिहायच्या. सुरुवातीला तो आकडा लिहिताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मग अंगवळणी पडलं. माणसाला काय वाट्टेल ते अंगवळणी पडतं, याचा मला राग येतो.

मावशींची एकुलती एक लेक पहिलटकरीण होती. आईच्याच घरी राहत होती, दर महिन्याला दवाखान्यात यायची, खुर्चीत बसून पाय हलवत सिस्टरांची थट्टा करायची. "सिस्टर, मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवीन, पण तुमचा आवाज नको गं बाई तिला." सिस्टर तिला दटावायच्या आणि लोहाच्या गोळ्यांची एक पट्टी जास्त द्यायच्या. नववा लागला तेव्हा पोटच्या लेकीइतकीच काळजी त्यांना त्या पोरीची होती.

त्या गुरुवारी ती आली ती भिंत धरून. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, म्हणाली. थट्टा नाही, काही नाही. सिस्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. चेहराही सुजलेला. गरोदरपणात बीपी चढलं की असं होतं आणि मग झटके येतात, हे सिस्टरांना पुस्तकातून माहीत होतं आणि पुस्तकाबाहेरही त्यांनी ते दोनदा पाहिलं होतं.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. आठची गाडी मिळेल का?"

"मिळेल की. पण तुम्ही एवढ्या का घाबरलात?"

"घाबरले नाही. उशीर नको, म्हणून म्हणते. जेवण बांधत बसू नका, निघा."

बोलता बोलता त्यांनी कार्ड भरलं, वेगळ्या कागदावर चिठ्ठी लिहिली: अंगावर सूज, तीव्र डोकेदुखी, तातडीनं तपासावे. लसीकरणाचा दिवस होता. बाहेर चाळीस पोरं रडत होती. नाहीतर त्या स्वतःच गेल्या असत्या, आणि आपण का गेलो नाही, हे पुढे त्यांनी स्वतःला किती वेळा विचारलं याला मोजमाप नाही.

मोठ्या दवाखान्यात काय झालं ते त्यांना मावशींच्या जावयाकडून कळलं. तो शहरातल्या कामावरून परस्पर तिथं पोचला होता. दाराशी टेबल, टेबलामागे माणूस, समोर तीनशे बायका. माणूस चिठ्ठी वाचत नाही. चिठ्ठीत सगळ्याच सिस्टर 'तातडीनं' लिहितात, त्याला त्याचं काय! तो कार्ड बघतो. बीपी जास्त असेल तर लाल शिक्का आणि थेट आत. नसेल तर रांग. मावशींच्या लेकीला रांग मिळाली. जावयानं दोनदा जाऊन सांगून पाहिलं. "कार्ड व्यवस्थित आहे, उगाच गडबड करू नका," असं उत्तर मिळालं. एक वाजता नोंदणी बंद झाली, तेव्हा पुढे अठरा जणी होत्या. उद्या या. आवारातल्या बाकावर तिला पहिला झटका आला, मग दुसरा. आत धावत नेली. संध्याकाळच्या आत ती गेली, आणि पोटातली मुलगीही.

कार्ड चौकशीसाठी सिस्टरांकडे परत आलं. त्यांनी ते उघडलं. महिन्यामागून महिना तोच आकडा, तो त्यांना पाठ होता. पण शेवटची ओळ गुरुवारची होती. चेहऱ्यावरची सूज दिसत असताना, तोंडानं गाडीची वेळ विचारत असताना त्यांच्या हातानं लिहून टाकलं होतं, एकशेवीस-ऐंशी. पट्टासुद्धा बांधला नव्हता. पावणेदोन वर्षं खोटं लिहिलं; त्या दिवशी एकशेसाठ लिहिलं असतं तर शिक्का लाल बसला असता.

चौकशीचे साहेब अर्ध्या तासात उरकून गेले. "तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, तुम्ही निश्चिंत राहा," म्हणाले. सिस्टरांनी तोंड उघडलं, पण साहेबांची गाडी सुरू झाली होती. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं.

दहाव्या दिवशी मावशी कामावर आल्या. झाडू घेतला, फरशी पुसली, पाणी उकळायला ठेवलं. सिस्टरांना राहवेना. त्यांनी दार लोटलं आणि मावशींना खुर्चीत बसवलं.

"मावशी, कार्डावरचे ते आकडे खोटे होते. मी मोजलंच नव्हतं. कधीच नाही. मशीन दोन वर्षं बंद आहे."

मावशींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सिस्टरांना तो झेलता आला असता.

"मशीन बंद आहे ते मला माहीत आहे, सिस्टर. तो पट्टा रोज पुसून डब्यात मीच ठेवते ना."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला नुसता हात धरून कळतं. इतकी वर्षं झाली तुम्हाला." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "सातव्या महिन्यात जावई तिला शहरात न्यायला आला होता. तिथं मोठे डॉक्टर आहेत, म्हणत होता. मीच भांडून ठेवून घेतली. म्हटलं, सिस्टरांच्या हाताखाली आहे, तिला काही होत नाही."