भोंग्याएवढी जागा

मित्रहो, आज चंद्रपुरात माझा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. सव्वीस वर्षं कॉलेजात संगीत शिकवलं, ऑर्केस्ट्रा बसवला.

तालीम घुग्घुसला, कोळशाच्या खाणीशेजारी. रोज चारला पाच मिनिटं असताना पहिली धून धरायची. ती अर्ध्यावर आली की खाणीचा भोंगा वाजतो, मग आम्ही थांबतो.

आज स्टेजवर तीच धून अर्ध्यावर आली आणि सगळे एकदम गप्प! माझा हात हवेतच.

"काऊन थांबले रे?" मी कुजबुजलो.

तबल्यावरची शबाना म्हणाली, "सर, इथी भोंगा वाजते नं!"

मीही भोंग्याएवढा थांबलो, मग हात खाली आणला आणि सगळे एकदम सुरू झाले. इतकी नेमकी सम आजवर साधली नव्हती.

म्हणजे सव्वीस वर्षं वर्गावर आम्ही दोघं मास्तर होतो, मी आणि भोंगा. तुमचा असा दुसरा मास्तर कोण?